लहान बेटावर पाय ठेवण्याआधी: वेंगुर्ल्याचे खडक, सुरय आणि पाकोळ्या

निवतीच्या किल्ल्यावरून पश्चिमेला पाहिलं की हवा स्वच्छ असलेल्या दिवशी समुद्रात काळसर खडकांची एक ओळ दिसते. त्यातल्या एकावर दीपगृह आहे. बाकीचे उघडेबोडके. इंग्रजांनी यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटं, असं नाव दिलं होतं. आज पर्यटकांना ती वेंगुर्ला रॉक्स म्हणून ठाऊक आहेत. मोठं झाड नाही, वाहतं पाणी नाही, सावली म्हणावी अशी जागा नाही. आणि समोर, होडीच्या एका फेरीच्या अंतरावर, माड, पोफळी, आंबा, वड असलेला हिरवागार किनारा पसरलेला. तरीही समुद्रपक्षी पिलं वाढवायला त्या जळक्या खडकांवर जातात. असं का?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर लहान बेटांवर कधी जावं, किती जवळ जावं आणि कुठे मुळीच उतरू नये, हे बरंचसं आपोआप कळतं. म्हणून आधी तेच समजून घेऊ.

तिथे काय नाही, याची यादी करा. कोल्हा नाही, मुंगूस नाही, मांजर नाही, भटका कुत्रा नाही, रानडुक्कर नाही. यातलं कुणीही कित्येक किलोमीटर खवळतं पाणी सहसा पोहून जात नाही. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी पक्षी बेट निवडतो. भोवती समुद्राचा खंदक असतो. शत्रू आला तर आकाशातून येईल, जमिनीवरून नाही.

या निर्धास्तपणामुळे पक्ष्याची सगळी राहणीच बदलते. सुरय, ज्याला इंग्रजीत टर्न म्हणतात, तो घरटं बांधण्याच्या भानगडीत फारसा पडतच नाही. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करणाऱ्यांमध्ये काळपट-तपकिरी पाठीचा ब्रायडल्ड टर्न आणि पिवळ्या चोचीचा मोठा तुरेवाला सुरय हे महत्त्वाचे. ब्रायडल्ड टर्न खडकाच्या कपारीत किंवा धोंड्याच्या आडोशाला एकच अंडं घालतो. तुरेवाला सुरय तर उघड्यावर, शेजाऱ्याला शेजारी खेटून बसतो, तोही बहुधा एकाच अंड्यावर. अंड्यावर ठिपके असतात, खडकाच्या रंगात ते मिसळून जातं, आणि एवढं संरक्षण तिथे पुरतं. पक्षीशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या बेटांवरच्या सुरयांची आणि पाकोळ्यांची निरीक्षणं 1942 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. म्हणजे ही जागा पक्षी अभ्यासकांना निदान 80 वर्षांपासून माहीत आहे.

गोड्या पाण्याचं काय, असा प्रश्न पडेल. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत, मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. खाऱ्या पाण्यातलं आणि माशांतलं जास्तीचं मीठ त्या रक्तातून ओढून घेतात आणि दाट खारट थेंबांच्या रूपात नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. चोचीच्या टोकाशी लोंबणारा थेंब आणि मान झटकणारा सुरय दुर्बिणीतून दिसला, तर तो शिंकत नसतो. मीठ फेकत असतो.

आपण उतरलो की काय होतं

शत्रू नसलेल्या जागी राहणाऱ्या पक्ष्याला शत्रूपासून वाचण्याची सवय नसते, म्हणून एखादा नवा प्राणी तिथे पोचला की फार लवकर फार मोठं नुकसान होतं. न्यूझीलंडमधल्या स्टीफन्स बेटाची हकीकत पक्षीप्रेमींमध्ये प्रसिद्ध आहे. तिथे 1894 साली दीपगृह सुरू झालं. माणसांबरोबर मांजरं आली. त्या बेटावर जवळजवळ न उडणारा एक लहानसा पक्षी होता, लायल्स रेन. मांजरं पोचल्यावर थोड्याच काळात तो पक्षी संपला. पृथ्वीवर दुसरीकडे तो उरलेलाच नव्हता.

आपण तर मांजर घेऊन जात नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण उंदीर होडीतून जातो, जाळ्यांच्या ढिगात किंवा सामानाच्या खोक्यात बसून, कुणाला न कळता. आणि कावळा आपल्या मागून येतो. बेटावर जेवणाचे डबे उघडले, वडापावचा कागद टाकला, माशांची आतडी फेकली, की कावळे आणि घारी तिथे फेरी मारायला शिकतात. डबे आठवड्यातून एकदा उघडतात, पण कावळा रोज येऊन पाहतो. त्याला अंडी सापडायला मग कितीसा वेळ लागणार? सीगलना शेव-गाठ्या घालण्याची जी पद्धत होड्यांवर पडली आहे, तिचाही हिशोब इथेच लागतो. ते कुरव हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात, मासे खाऊन जगणारे. तळलेल्या बेसनातून त्यांना लांबच्या परतीच्या प्रवासाचं बळ मिळत नाही, आणि उरलेल्यावर कावळे-घारी पोसल्या जातात.

पण सगळ्यात मोठं नुकसान होतं ते काहीही न टाकता, कशालाही हात न लावता, नुसतं जवळ गेल्यानं. हे लोकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंडं उबवणं म्हणजे अंडं गरम ठेवणं, असं आपल्याला वाटतं. थंड प्रदेशात ते खरं आहे. कोकणातल्या उघड्या खडकावर मे महिन्यात अंडं थंड ठेवणं हे आईबापांचं खरं काम असतं. पक्ष्याच्या अंड्यातल्या जिवाला साधारण 37-38 अंश सेल्सिअस मानवतं. 40 अंशांच्या बरंच वर काही वेळ गेलं, की आतला जीव मरू लागतो. आणि दुपारचा काळा खडक किती तापतो, हे चप्पल काढून त्यावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. म्हणून सुरय अंड्यावर सावली धरून बसतात. काही जातींचे सुरय मधूनच उडून समुद्रात पोट बुडवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंड्याला गारवा देतात. नर-मादी पाळी लावतात, म्हणजे अंडं उघडं राहायला नको.

अशा ठिकाणी पंधरा माणसांची होडी लागली, लोक उतरले, फोटो काढायला पुढे सरकले. पक्षी उठले. वसाहतीत एक उठला की सगळे उठतात. डोक्यावर पांढरा गोंगाट सुरू होतो, फोटो छान येतो. खाली अंडी उन्हात पडलेली. लोक वीस मिनिटं थांबतात. पुढे कुणाला वाटतही नाही की आपण काही केलं, कारण परत जाताना अंडं दिसायला तसंच असतं. ते फुटत नाही, त्याचा रंगही बदलत नाही. फक्त त्यातून कुणी बाहेर येत नाही.

म्हणून ‘किती जवळ जावं’ याचं मीटरमधलं उत्तर शोधण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहावं. तो तीन पायऱ्यांनी सांगतो. आधी मान उंच होते आणि झोपलेले पक्षी जागे होतात. मग हाका वाढतात, काही जण उभे राहतात, पंख अर्धवट उघडतात. शेवटी उड्डाण. पहिल्या पायरीला थांबलात तर काहीच बिघडत नाही. दुसरी पायरी दिसली तर मागे सरका. तिसऱ्या पायरीपर्यंत जाणाऱ्या होडीत तुम्ही बसला असाल, तर तांडेलाला स्पष्ट सांगा की मागे घ्या. गिऱ्हाईकाला आवडेल असं वाटूनच तो पुढे नेत असतो. गिऱ्हाईकानंच नको म्हटलं की त्याचं डिझेलही वाचतं.

यात निसर्गाची एक मदत आहे. सुरयांची वीण मुख्यतः मे अखेरीपासून पावसाळ्यात होते, आणि त्या काळात समुद्र आपल्याला तिकडे फिरकू देत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, प्रवासी होड्याही पावसाळ्यात किनाऱ्याला ओढलेल्या असतात. अडचण येते ती मे महिन्यात. शाळांना सुट्ट्या, कोकणात गर्दी, आणि नेमके तेव्हाच पक्षी जागा धरू लागलेले. बेटं पाहायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत रास्त वाटतो. हवा स्वच्छ, समुद्र शांत, आणि सुरयांची अंडी खडकावर नाहीत.

गुहेतला अंधार

पाकोळीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यासाठी हिवाळ्याचा शेवट आणि उन्हाळा हाच विणीचा काळ.

पाकोळी म्हणजे इंडियन स्विफ्टलेट. चिमणीपेक्षाही लहान, काळपट-तपकिरी, विळ्यासारखे पंख. पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढाच तिचा मुलूख. वेंगुर्ल्याच्या एका बेटावर लाटांनी खडकाची कमजोर भेग कोरत कोरत गुहा तयार केली आहे आणि तिच्या भिंतींवर पाकोळ्यांची वसाहत आहे. या पक्ष्याचे पाय इतके आखूड, की तो फांदीवर किंवा जमिनीवर नीट बसू शकत नाही. खडबडीत उभ्या भिंतीला नख्यांनी लटकणं एवढंच त्याला जमतं. म्हणून गुहा हवीच.

घरटं कशाचं? स्वतःच्या लाळेचं. विणीच्या काळात पाकोळीच्या जिभेखालच्या ग्रंथी फुगतात, चिकट लाळ निघते, ती हवेत सुकून कडक होते. त्यात शेवाळ, गवताच्या काड्या मिसळून अर्ध्या वाटीसारखं घरटं भिंतीला चिकटवलं जातं. त्यात बहुतेक दोन अंडी.

आणि काळोखात ती भिंत सापडते कशी? पाकोळी टक्‌ टक्‌ असे आवाज काढते आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघूळही हेच करतं, पण बहुतेक वटवाघळांचा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा असतो. पाकोळीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. गुहेच्या तोंडाशी होडीचं इंजिन बंद केलं आणि लोक गप्प बसले, तर लाटांच्या आवाजातून तो टकटकाट कानावर येतो. कोकणच्या समुद्रात ऐकायला मिळणाऱ्या आवाजांत याहून विलक्षण काही मला माहीत नाही.

हे लाळेचं घरटं या पक्ष्याच्या जिवावर उठलं. पूर्व आशियात अशा घरट्यांचं सार महागड्या किमतीला विकलं जातं. खरी मागणी असते ती जवळजवळ शुद्ध लाळेच्या पांढऱ्या घरट्यांना, आणि तशी घरटी करणारी जात वेगळी, आपल्याकडे ती अंदमान-निकोबारमध्ये आहे. आपल्या पाकोळीच्या घरट्यात शेवाळ-गवत मिसळलेलं, म्हणून माल हलका. तरी चोरी झाली. चोर अंड्यांसकट घरटं खरवडून नेतात. पाकोळी पुन्हा घरटं बांधते, पुन्हा लाळ खर्ची घालते. तेही नेलं की तिसरं बांधेपर्यंत विणीचे दिवस निघून गेलेले असतात. काही वर्षं असंच चाललं, तर जुने पक्षी म्हातारे होऊन मरतात आणि मागून नवे येतच नाहीत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेनं, म्हणजे वेळासच्या कासवांमुळे ज्यांना आपण ओळखतो त्यांनीच, 2001 च्या सुमारास वेंगुर्ल्याच्या बेटांवरची ही चोरी उजेडात आणली आणि पाकोळ्यांच्या संरक्षणाचं काम हाती घेतलं. अंदमानात शास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी आणखी एक वाट दाखवली होती. पूर्वी घरटी गोळा करणाऱ्या माणसांनाच त्यांनी गुहांचे राखणदार केलं. कोणती भिंत, कोणता महिना, कोणती वाट, हे त्या माणसांइतकं कुणाला ठाऊक असणार?

पर्यटकासाठी यातून निघतं ते थोडं आणि सरळ. गुहेत शिरू नये. आत टॉर्च फिरवू नये, फ्लॅश मारू नये. दचकलेली पाकोळी घरट्यावरून झटकन सुटते, आणि भिंतीला चिकटवलेल्या त्या उथळ वाटीतून तिच्याबरोबर अंडं किंवा पिलू खाली पडू शकतं. खाली समुद्र असतो.

समुद्राचं वेळापत्रक

आता जाण्याबद्दल. ज्यांचं बालपण किनाऱ्यावर गेलेलं नाही, त्यांना भरती-ओहोटी म्हणजे वर्तमानपत्रातली एक ओळ वाटते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब अगदी सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, दहाच्या आसपास, सुकती. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, त्याचंच हे सोपं रूप. गावागणिक थोडा फरक पडतो, पण बेत आखायला पुरतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत गाठणारे लोक हाच हिशोब करतात.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाण्याचा चढउतार कमी राहतो. हा भांग. लहान बेटाभोवती फिरायला भांगाचे दिवस बरे, कारण खडकांमधल्या चिंचोळ्या वाटांतून पाण्याची ओढ कमी असते.

आणि सकाळी जा. रात्री जमीन थंड होते, समुद्र तुलनेनं उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच. किनाऱ्याजवळ पाणी तेव्हा सपाट असतं. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो, खारे वारे सुटतात, लाटा उठतात. सकाळी सातला निघालेल्या होडीला जो समुद्र भेटतो तो दुपारी दोनला भेटत नाही. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवायचं नसतं, बांधायचं असतं. वेंगुर्ल्याच्या या खडकांवर पर्यटकांसाठी धक्का नाही. शेवाळलेल्या धोंड्यावर वरखाली होणाऱ्या होडीतून उडी मारणं, हे पक्ष्यांचा विचार बाजूला ठेवला तरी शहाणपणाचं नाही. होडीतूनच बेटाला फेरी मारावी. दिसायचं ते सगळं तिथून दिसतं: विष्ठेनं पांढरे झालेले कडे, कड्याच्या टोकावर बसलेला समुद्र गरुड, नशीब असेल तर हंपबॅक डॉल्फिनची कुबडासारखी पाठ. डॉल्फिन दिसले की इंजिन न्यूट्रलला टाकून थांबायचं. ते आवाजावर जगतात, एकमेकांना आणि माशांना आवाजानंच शोधतात. मागे होड्या लागल्या की त्यांचं सगळं बोलणं इंजिनाच्या घरघरीत बुडतं.

बेटावर पाय ठेवायचाच असेल, तर माणसांनी शेकडो वर्षं वापरलेली बेटं आहेत, तिथे जावं. सिंधुदुर्ग त्यासाठीच आहे. किल्ल्याचं काम 25 नोव्हेंबर 1664 रोजी सुरू झालं आणि आतल्या दुधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना आजही गोडं पाणी आहे. चारी बाजूंनी खारं असताना हे कसं? पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणून ते आत मुरलेल्या खाऱ्या पाण्यात पटकन न मिसळता त्यावर तरंगून राहतं. सच्छिद्र जमिनीच्या बेटांवर हा हिशोब फार नेमका लागतो: समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी साठलं, तर खाली सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत ते असू शकतं. खडकाळ बेटावर हे फटींच्या मर्जीवर. म्हणजे तिथल्या बादलीतलं पाणी हे मागच्या पावसाळ्यांची शिल्लक असतं, आणि ओरबाडून उपसलं तर खालून खारं वर येतं. तिथे हातपाय धुताना एवढं आठवावं.

सिंधुदुर्गाच्या भोवतीचं पाणी 1987 साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, क्षेत्र 29.22 चौरस किलोमीटर. पाण्याखाली प्रवाळ आहे. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण त्याचा वरचा थर जिवंत असतो आणि अनेक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. मुखवटा लावून पाण्यात उतरलेला माणूस घाबरला की पायाखाली काहीतरी शोधतो आणि प्रवाळावर उभा राहतो. तसंच होडीचा नांगर. दोन्ही टाळता येतं: पोहताना पाय वर ठेवायचे, आणि होडी तरंगत्या बोयाला बांधणारा चालक निवडायचा. माशांना पाव-बिस्किटं घालू नयेत. मासे गोळा होतात खरे, पण प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवण्याचं काम तेवढा वेळ थांबतं.

या बेटांच्या वयाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होता. तेव्हा कोकणचा किनारा कितीतरी पश्चिमेला होता आणि वेंगुर्ल्याचे खडक बेटं नव्हतेच, त्या टेकड्या होत्या. तिथे कोल्हे-मुंगसं चालत जात असतील. बर्फ वितळला, पाणी चढत गेलं, टेकड्यांची टोकं उरली आणि मगच ती सुरयांना उपयोगी झाली.

आणि ज्यांना होडी लागते, किंवा ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे, त्यांच्यासाठी: पाकोळ्या दिवसभर गुहेत बसून राहत नाहीत. किडे खायला त्या किनाऱ्यावर येतात, माडांच्या शेंड्यांवरून, शेतांवरून गिरक्या घेत राहतात. निवतीच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना थांबा. अंधार पडू लागला की त्या एकेक, दोन-दोन करून समुद्राकडे वळतात आणि पाण्यावरून सरळ पश्चिमेला, दीपगृहाच्या दिशेनं निघून जातात.